चौसष्ट तोंडं आणि पासष्टावं

२ जानेवारी, बुधवार

आज पुन्हा पडदा काळा झाला. सत्तिबाबूच्या संक्रांतीच्या फ्लेक्सवर एकसष्टावं तोंड चिकटवत होतो. दोन-तीन सेकंद अंधार, मग पडदा उजळला, पण डिझाइनचा प्रोग्रॅम मिटलेला आणि सकाळपासूनचं काम गेलेलं. कोपऱ्यात चिठ्ठी आली की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे. गटारातून उठलेला दारुडाही असंच सांगतो.

म्हणून ही वही. बावीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. शाळेनं ड्रॉइंगच बंद केलं तेव्हा हे फ्लेक्सचं दुकान टाकलं, त्याला बारा वर्षं झाली. पोरांच्या चुका मी लाल पेन्सिलीनं तारीखवार लिहून ठेवत असे. यंत्राच्याही ठेवीन.

सत्तिबाबू हा आमच्या कोत्तपेटाच्या तरुणांचा पुढारी, म्हणजे काहीच काम नसलेला पस्तिशीचा माणूस. त्याला गावाला सणाच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत आणि त्यासाठी चौसष्ट जणांची तोंडं लागतात. सगळे पांढऱ्या शर्टात, काळ्या चष्म्यात, निम्म्यांच्या कानाला फोन. एकाचं तोंड दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान झालं तर दोन घरांचं बोलणं बंद होतं. बाळ जन्मलं, मुलगी वयात आली, म्हातारा गेला, हिरोचा सिनेमा लागला, सगळ्याला फ्लेक्स. बारा वर्षांत हजारो तोंडं मी सेंटरवर, म्हणजे गावच्या चौकात, टांगली. माझं स्वतःचं एकदाही नाही. एवढा एकच अभिमान उरला आहे.

पडद्यावरचं चित्र ज्याच्यातून निघतं ते ग्राफिक्स कार्ड डिसेंबरात बुल्लिराजूनं नवं बसवलं. बुल्लिराजू माझा जुना विद्यार्थी, बस स्टँडजवळ दुरुस्तीची टपरी चालवतो. शाळेतही त्याची रेघ कधी सरळ आली नाही.

४ जानेवारी, शुक्रवार

चार वेळा काळा. सव्वादहा, पावणेअकरा, साडेअकरा, आणि दुपारी दोन.

फाइल बारापर्यंत रावुलपालेमच्या छापखान्यात पोचली तरच संध्याकाळच्या बसनं छापलेला फ्लेक्स येतो. आज पोचली नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला काम सांगणारा प्रोग्रॅम, मी काढून टाकला आणि जुना घातला. तोही त्याच जातीचा निघाला.

शेजारची गिरणी डोकं उठवते. अप्पायम्माच्या गिरणीपुढे बायकांची रांग लागली आहे. रात्रभर भिजवलेले तांदूळ टोपल्यांतून घेऊन येतात, कारण अरिसेलुला, म्हणजे इथल्या अनारशांना, ओलीच पिठी लागते आणि संक्रांतीला अरिसेलु झाले नाहीत तर यांचं नाक कापलं जातं. अप्पायम्मानं गेल्या महिन्यात मोठी मोटर बसवली. पूर्वी नुसता आवाज यायचा, आता भिंतही थरथरते. तरी बरं, निदान यूपीएसची, वीज गेली तर कॉम्प्युटर सावरणाऱ्या त्या बॅटरीच्या डब्याची, कटकट मी तेव्हाच संपवली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईसारखा तो डबा डिसेंबरभर दिवसातून वीस वेळा गळा काढत होता. वीज जात नव्हती, काही नव्हतं, आपला उगाच. काढून घरच्या माळ्यावर टाकला आणि कॉम्प्युटर सरळ भिंतीला जोडला.

शेषरत्नम जेवण घेऊन आली तेव्हा नेमका दोनचा काळोख झाला. म्हणाली, पडदा जातो तेव्हा वरचा पंखाही मंद होतो. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. बायको झाली म्हणून तिला यंत्रातलं कळतं असं नव्हे.

६ जानेवारी, रविवार

काल पहाटे सहाला येऊन बसलो. कॅबिनेट उघडून खारीच्या केसांच्या जुन्या ब्रशनं आतली धूळ काढली. मेलेली दोन झुरळं निघाली. बुल्लिराजूचं काम म्हटल्यावर आणखी काय निघणार?

सहा ते दहा यंत्र लोण्यासारखं चाललं. सत्तिबाबूची चौसष्टच्या चौसष्ट तोंडं बसली. मग सव्वादहाला काळं. यावरून रोग स्पष्ट आहे. पहिल्या तासाला पोरं ताजी असतात, नंतर पेंगतात, तसं हे कार्ड तापतं आणि पेंगतं. म्हणजे ते नवं नाही, कुठूनतरी उचललेलं म्हातारं आहे. टेबलफॅन आणून थेट त्याच्यावर लावला. तोही आळशी निघाला, मधेच धापा टाकतो. तीन वेळा काळं झालंच.

आज रविवार, गिऱ्हाईक नाही, गिरणीही बंद. दिवसभर यंत्रानं कुरकूर केली नाही. त्यालाही सुट्टी कळते.

७ जानेवारी, सोमवार

बुल्लिराजूला बोलावलं. आला. माझ्यापुढे अजून उभाच राहतो, तेवढं एक वळण मी लावलं होतं. कार्ड हातात घेऊन बघितलं, वास घेतला, परत बसवलं. म्हणाला, कार्ड ठीक आहे. मग टेबलाखाली वाकून विचारलं, "मास्तर, यूपीएस कुठंय?"

माळ्यावर टाकलाय, रडायचा सारखा, असं सांगितलं. तर म्हणतो, तो का रडत होता ते आधी बघू, एक दिवस परत जोडा, मी मीटर आणून वीज मोजतो. नाचता येईना अंगण वाकडं! याचं कार्ड बिघडलं आणि दोष सरकारच्या विजेचा. मी म्हटलं, वीज मोजायला लाइनमन आहे, तू तुझं कार्ड मोज. तेव्हा रात्रभर टपरीवर चालवून बघतो म्हणून कार्ड घेऊन गेला.

जाताना खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्याचा फोटो होता त्यात. मंडपेटाच्या एका मुलीकडून सोयरीक आली आहे, तिकडे पाठवायला मागचा पडदा निळा करून हवा होता. अठरा तारखेला ती माणसं घर बघायला येणार, जमलं तर माघात मुहूर्त. सांगताना कान लाल झाले. छत्तीस ठिकाणी नकार मिळालेल्या त्या बापड्याचं तोंड मी पाच मिनिटांत निळ्यावर बसवून दिलं, कॉम्प्युटरमधल्या साध्या कार्डावर तेवढं भागतं. काही घेतलं नाही.

८ जानेवारी, मंगळवार

कार्ड परत आलं. म्हणतो, आठ तास चाललं, एकदाही पडदा गेला नाही. मी ते उलटून बघितलं. मागचा स्टिकर फाटलेला, सगळी धूळ पुसलेली, कडेला नवा ओरखडा. विचारलं तर म्हणे, उघडून आतला, कार्ड थंड ठेवणारा लेप बदलला. उत्तर तयारच होतं.

बसवलं. साडेदहाला काळं.

आता सगळं उघड आहे. चांगलं होतं ते ठेवून घेतलं आणि भंगार पुसून आणून दिलं. आठ तास चाललं ते माझं कार्ड, इथे आलं ते वेगळंच.

९ जानेवारी, बुधवार

काल काळोखानंतर जुनी फाइल उघडून घाईनं पाठवली, त्यात सत्तिबाबूच्या मावसभावाचं तोंड राहिलं. फ्लेक्स लागल्यावर कळलं. सत्तिबाबूनं दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर माझा पाणउतारा केला. चष्मा काढून बोलला. शाळेत तीनदा नापास झालेला माणूस मला नीट लक्ष द्यायला सांगतो.

तसाच बस स्टँडवर गेलो. बुल्लिराजूच्या टपरीवर चार माणसं होती. मी सगळ्यांदेखत विचारलं, माझं कार्ड कुठंय? तो आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग हसू गेलं. म्हणाला, "मास्तर, पेन्सिल धरायला तुम्ही शिकवलंत. तुमचं सामान मी चोरीन?"

मी म्हटलं, पेन्सिलही तू नीट धरली नाहीस.

त्यानं मान खाली घालून हातातलं काम पुढं चालू केलं. चोराला बोलणं सुचत नाही म्हणतात ते खरं.

११ जानेवारी, शुक्रवार

पहाटे सहाला बसून एक फ्लेक्स केला. आठ बाय सहा फूट. पिवळ्यावर लाल अक्षरं: सावधान, दुरुस्तीच्या नावाखाली सामान बदलणाऱ्यांपासून सावध राहा. मधोमध बुल्लिराजू, निळ्या पडद्यासकट. तोच फोटो कॉम्प्युटरमध्ये होता. नाव घातलं नाही. या गावात वाचतो कोण, चेहरा बघितला की झालं.

विशेष म्हणजे यंत्र एकदाही अडलं नाही. खऱ्या कामाला तेही साथ देतं.

संध्याकाळी फ्लेक्स बसनं आला आणि सेंटरवर, बस थांबते त्याच्या बरोबर समोर, लावून घेतला. घरी सांगितलं तर शेषरत्नमनं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि आत जाऊन बसली. तिचं बोलणं बंद आहे. शांतता आहे.

१३ जानेवारी, रविवार

सेंटरवर चहा प्यायला मुद्दाम गेलो. लोक थांबून बघतात. कुणी हसतं, कुणी फोटो काढून दुसऱ्याला पाठवतं. बुल्लिराजूची टपरी काल बंद होती, आजही बंद. त्याची आई देवळात गेली नाही म्हणे. सत्तिबाबू पाठीवर थाप मारून म्हणाला, मास्तर, तुम्ही वाघ निघालात. त्याची थाप मला आवडली नाही. पुसून टाकावीशी वाटली.

काल राजमंड्रीला जाऊन मोठ्या दुकानातून नवंकोरं कार्ड आणलं होतं. सीलबंद, माझ्या डोळ्यांदेखत फोडलेलं. तेही बसवलं काल दुपारी. तीन वाजता काळं.

राजमंड्रीचेही चोरच.

शेषरत्नम आज एकच वाक्य बोलली. "अठराला मंडपेटाची माणसं त्याच बसनं उतरणार आहेत." मी म्हटलं, बरंच आहे, मुलीच्या बापाला आधी कळलेलं चांगलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही चोरलं आहे.

दोन्ही कार्डं चोरांचीच कशी, हा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. लिहून ठेवतो, एवढंच.

१४ जानेवारी, सोमवार. भोगी

पहाटे गल्लीच्या तोंडाशी भोगीचा जाळ झाला. घरातलं जुनं, मोडकं त्यात टाकायचं. तुटका स्टूल टाकला, जुनी चौकट टाकली. माळ्यावरचा यूपीएसही घेऊन निघालो. शेषरत्नमनं तो माझ्या हातातून घेतला. म्हणाली, प्लॅस्टिक जळलं की घाण वास येतो, दुकानात नेऊन ठेवा, भंगारवाला येईल. भांडण नको म्हणून नेला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून परत जुन्या जागी टेबलाखाली ढकलला. बुल्लिराजूनं जोडून बघा म्हटलं होतं. जोडला, म्हणजे पुढं तो असं म्हणायला नको.

गप्प आहे. अजिबात रडत नाही. पंधरा दिवस माळ्यावर ठेवल्यावर त्यालाही अक्कल आली. दुपारपर्यंत कनुमच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, कोंबड्यांच्या झुंजीचे तीन फ्लेक्स केले, काळोख नाही. गल्लीत सगळी सामसूम, गिरणीला सणाची तीन दिवस सुट्टी.

नवं कार्ड आता रुळलं असावं.

१७ जानेवारी, गुरुवार

आजचं लिहायला हात धजत नाही, पण वही मीच सुरू केली आहे.

सव्वादहाला यूपीएसनं गळा काढला. त्याच क्षणी भिंत थरथरली. अप्पायम्माची गिरणी तीन दिवसांनी सुरू झाली होती. पडदा काळा झाला नाही, कारण मधे तो डबा होता. मी वर बघितलं. पंखा मंदावला होता. शेषरत्नमनं सांगितला होता तसाच.

मी उठून गिरणीत गेलो. अप्पायम्माला म्हटलं, मोटर बंद करा जरा. तिनं केली. माझ्या दुकानातलं रडणं थांबलं. चालू करा म्हटलं. रडणं सुरू. पुन्हा बंद, पुन्हा चालू, असं तीनदा करायला लावलं. रांगेतल्या दोन बायका मिरच्यांच्या टोपल्या घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मास्तरला सणात उष्णता झाली असं त्यांना वाटलं असेल.

अप्पायम्मा पदरानं पीठ पुसत म्हणाली, "मोठी मोटर बसवल्यापासून ओढ पडते मास्तर. एका खांबावर आहोत ना आपण. तुमचा पंखा मंदावतो तो मला इथनं दिसतो. तुम्हाला ठाऊक असंल म्हणून बोलले नाही."

सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोला, शेजारणीला, बुल्लिराजूला. त्या डब्यालाही. वीज खाली जाते तेव्हा कॉम्प्युटर सावरणं आणि ओरडणं एवढंच काम त्याला होतं, ते तो डिसेंबरभर करत राहिला आणि मी त्याला माळ्यावर टाकला. पहाटे आणि रविवारी यंत्र चालायचं कारण तेव्हा गिरणी बंद असायची. दोन्ही कार्डं धडधाकट आहेत. पहिलं ज्यानं पुसून, लेप बदलून आणून दिलं, तो सेंटरवर सहा दिवस टांगलेला आहे.

शिडी घेऊन गेलो आणि फ्लेक्स उतरवला. गुंडाळून घरी आणला, शेषरत्नमपुढे ठेवला. वाटलं, ती म्हणेल झालं गेलं. ती म्हणाली, "उतरवलेला कुणी वाचत नाही. पण जे वाचलंय ते कुणी विसरतही नाही."

मी विचारलं, मग काय करू? ती म्हणाली, तुम्हाला काय करता येतं?

आम्ही दोघं दुकानात आलो तेव्हा अकरा वाजले होते. फाइल जायला एक तास. मी आधी लिहिलं की काही गैरसमज झाला होता. शेषरत्नम पाठीमागे उभी होती. म्हणाली, पाऊस होतो तसा गैरसमज झाला का? कुणाला झाला ते लिहा. मग लिहिलं: बुल्लिराजूनं माझं कार्ड बदललं नव्हतं. दोष माझ्या दुकानातल्या विजेचा होता आणि मी त्याला चोर म्हटलं. कामेश्वरराव, ड्रॉइंग मास्तर.

एवढं पुरे असं म्हणालो. ती हलली नाही. "वाचतो कोण, असं तुम्हीच सांगता ना गावाला?"

माझा एकही फोटो कॉम्प्युटरमध्ये नव्हता. तिनं फोननं काढला, दुकानाच्या दारात, केस विस्कटलेले. मी तो खाली कोपऱ्यात बसवला. ती म्हणाली, सत्तिबाबूच्या मावसभावाएवढंच तोंड काढलंय. बुल्लिराजूचं केवढं होतं? मोठं केलं. आणखी, म्हणाली. आठ बाय सहामध्ये मधोमध बसेल एवढं होईपर्यंत ती आणखी म्हणत राहिली. माझं नाक इतकं वाकडं आहे हे मला माहीत नव्हतं. मधे दोनदा यूपीएस ओरडला. फाइल गेली.

दिवेलागणीला बसनं फ्लेक्स आला. त्याच चार खिळ्यांवर मी स्वतः लावला. चहावाल्यानं शिडी धरली.

१८ जानेवारी, शुक्रवार

मी दुकान उघडलं नाही. सेंटरच्या चहाच्या टपरीमागे उभा राहिलो, म्हणजे माझ्याच तोंडासमोर. साडेनऊच्या बसमधून मंडपेटाची पाच माणसं उतरली. मुलीचा बाप पंचा खांद्यावर टाकलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. तो फ्लेक्सखाली थांबला आणि ओठ हलवत सगळं वाचलं. मग फोन काढून त्याच्या बरोबरच्या तरुणानं काहीतरी दाखवलं. जुन्या फ्लेक्सचा फोटो असणार. बापानं फोनकडे बघितलं, वर फ्लेक्सवरच्या माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. मग ते गल्लीत वळले.

मी आयुष्यात कुणाच्या पाया पडलो नाही. त्या माणसाच्या पडावंसं वाटलं. पाय उचलला नाही.

दुपारी दोनला परत गेले. बसमध्ये चढताना पाठमोरे होते, हसत होते की नाही ते दिसलं नाही.

१९ जानेवारी, शनिवार

सकाळी सत्तिबाबू येऊन म्हणाला, मास्तर, फोटो झकास आलाय, चष्मा हवा होता फक्त. त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. त्याच्या मावसभावाचं तोंड घालून नवा फ्लेक्स करून दिला. आता कुणाच्या तोंडाला नावं ठेवू?

अकराच्या सुमाराला बुल्लिराजू आला. पायरीवरच थांबला. मी खुर्चीतून उठलो. आत ये म्हटलं, तर नको म्हणाला. मी म्हणालो, माझं चुकलं, बुल्लिराजू. बावीस वर्षं ज्यांना चुका दाखवल्या त्यांच्यापैकी एकाला हे पहिल्यांदाच म्हटलं. तो जमिनीकडे बघत होता.

मंडपेटाचं काय झालं, असं विचारलं.

"विचार करतो म्हणालेत," तो म्हणाला. "तो फ्लेक्स त्यांचं ठरेपर्यंत राहू द्या मास्तर. ते पुन्हा येतील तेव्हा दिसायला हवा." मग म्हणाला, "आणि यापुढं तुमचं मशीन दुसऱ्या कुणाला दाखवा. मला जमणार नाही."

किती दिवस लागतील असं मी विचारलं. त्यांना ठाऊक, म्हणाला आणि गेला. उभं राहण्याचं वळण मी लावलं होतं. आज तो उभा होता ते त्यामुळं नव्हे.

आमची शाई उन्हात दोन महिन्यांत उडते. हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही, आपलं ठेवायचं झाकून. आधी लाल जातो, मग चेहरा पांढरा पडतो, अक्षरं तेवढी उरतात. फाइल मी जपून ठेवली आहे. मंडपेटाहून काही कळलं नाही, तर रंग उडाला की पुन्हा छापून तिथंच लावीन.